नासर्डी, सकाळी साडेसहा

कागदोपत्री हिचं नाव आता नंदिनी.
आम्ही अजून नासर्डीच म्हणतो,
लाडाचं नाव तिला पेलत नाही.

शनिवारी चर्चच्या फाटकाशी आम्ही सात जण,
रबरी हातमोजे पाच जोड.
एलिशाबा डावा घेते, मी उजवा.
शद्रख म्हणतो, मला नकोत, माझे हात गॅरेजातले.
तरुण संघाच्या यादीत नावं बेचाळीस आहेत,
पस्तीस दर आठवड्याला थंडी खाते.

उंटवाडीच्या पुलाखाली उतरायला वाट नाही.
घसरत जायचं, करंजाच्या मुळीला धरून.
खाली वास आधी भेटतो, मग पाणी.

पहिल्या शनिवारी प्रार्थना करून उतरलो होतो,
छाती पुढे काढून,
जसं कुणी परक्याच्या घरी झाडू मारावा
आणि मालकानं ते बघावं म्हणून दार उघडं ठेवावं.
काठावर शेळ्या राखणाऱ्या मालनबाईंनी विचारलं,
"कुठल्या पार्टीचे रे? रोज किती देतात?"
तीमथ्य म्हणाला, चर्चचे आहोत, फुकट करतो.
"फुकट कुणी काही करतं होय?"
उत्तर आम्हाला लहानपणापासून पाठ होतं.
तोंडातून निघालं नाही.

गाळातून द्राक्षांच्या पेट्यांतला फोम निघाला,
कुकरची शिट्टी,
कुणाचं तरी दहावीचं हॉल तिकीट, प्लास्टिकमध्ये जपलेलं,
आणि निर्माल्याच्या पिशव्या, गाठ न सोडता फेकलेल्या.
त्या पिशव्यांवर आमच्यातलं कुणीतरी काहीतरी बोललं.
आम्ही हसलो.
ते हसू मला अजून टोचतं,

कारण तिसऱ्या शनिवारी
गुंडाळलेला एक फ्लेक्स वर आला.
चौघांनी ओढला, उलगडला:
नाताळ स्नेहभोजन, सर्वांचे सहर्ष स्वागत,
खाली आमच्याच पाळकसाहेबांचा फोटो,
गालाला शेवाळ, तरी हसरा,
आणि त्याच्या पोटात थर्माकोलच्या ताटल्या,
दोनशे तरी असतील,
काहींवर बिर्याणीचा पिवळा डाग.

कुणी कुणाकडे पाहिलं नाही.
त्या पंगतीत मीच वाढलं होतं.
टेम्पोत पिशव्या भरताना शद्रखनं विचारलेलं,
हे जाणार कुठे?
मी म्हटलेलं, जातं कुठेतरी.

हे ते कुठेतरी.

मालनबाई वरून बघत होत्या.
त्यांना वाचता येत नाही, पण फोटो ओळखला.
बोलल्या काहीच नाहीत. खाली आल्या
आणि आकडीनं पलीकडची एक पिशवी ओढून दिली.

रविवारी उपासनेनंतर आम्ही तो फ्लेक्स
आवारात चिंचेखाली अंथरला, न धुता.
मंडळी चहा घेऊन भोवती उभी राहिली.
पाळकसाहेब बराच वेळ स्वतःच्या तोंडाकडे बघत होते.
मग हातातला कागदी कप
कुठे टाकावा, ते त्यांना कळेना.

कापणीच्या सणाला यंदा स्टीलची ताटं होती.
तीनशे दहा. घासली आम्हीच.
तीमथ्य म्हणतो, त्यापेक्षा नदी बरी होती.

मागच्या आठवड्यात
लांब गुलाबी पायांचे पक्षी पाण्यात उतरले.
आम्ही चिखलात नाचलो, नदी सुधारली!
एलिशाबानं कॉलेजच्या सरांना फोटो पाठवला.
सरांचं उत्तर: शेकाट्या. घाण पाण्यात रमतो.
पुढे एक हसरा चेहरा.
आम्ही गप्प बसून तरीही बघत राहिलो.
एवढ्या घाणीत पाय इतके स्वच्छ कसे राहतात,
हे सरांना विचारायचं राहिलं.

बाबा सांगतात, पहिल्या माणसाची पहिली नोकरी माळ्याची.
मग आमच्याकडे फावडी दोनच कशी?

पावसाळ्यात अकरा उंबर लावले होते काठाला.
पूर चार घेऊन गेला, तीन उन्हानं,
चौथ्या पिल्लरजवळचा कसा गेला, कळत नव्हतं.
आज मालनबाई स्वतःच आल्या,
शेळीची दोरी मनगटाला दोन वेढे देऊन.
"तो आमच्या चंद्रीनं खाल्ला," म्हणाल्या,
"मीच झोपले होते."

आम्ही कुणी विचारलं नव्हतं.
शद्रखनं त्यांना आपल्यातला एक खराटा दिला.
तीन उंबर उभे आहेत.
चंद्री त्यांच्याकडे बघते आहे.